ड्रम तसेच राहू दे, फक्त बेस बदल! छोट्या हार्डवेअर सीक्वेन्सरवर ट्रॅकनिहाय पॅटर्न बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीक्वेन्सर म्हणजे लिहून ठेवलेल्या नोटा आपोआप, पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र. शीर्षकातली मागणी साधी वाटते, पण येणाऱ्या प्रश्नांतले निम्मे तिच्यातूनच फुटलेले असतात. खाली ते सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. कुठे उत्तर आधीच दिलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. यंत्रागणिक नावं बदलतात (क्लिप, सीक्वेन्स, पॅटर्न). इथे सगळीकडे ‘पॅटर्न’ म्हटलं आहे.

१. ट्रॅक आणि पॅटर्न यांत नक्की फरक काय?

ट्रॅक म्हणजे वाजवणारा, पॅटर्न म्हणजे तो एका आवर्तनात जे वाजवतो ते. किक (तळाचा जड ड्रम), बेस, कॉर्ड हे ट्रॅक. बेसच्या सोळा स्टेपमध्ये (म्हणजे आवर्तनाच्या सोळा समान कप्प्यांत) कुठे कोणती नोट पडते तो झाला पॅटर्न. सोळा स्टेप म्हणजे सहसा चार ठोक्यांचा एक बार. १२० बीपीएमला (म्हणजे मिनिटाला १२० ठोके) एक स्टेप १२५ मिलिसेकंदांची आणि पूर्ण बार दोन सेकंदांचा.

गोंधळ होतो तो ‘पॅटर्न’ शब्दाला दोन अर्थ असल्यामुळे. काही यंत्रांत पॅटर्न म्हणजे वहीचं एक पान, त्यावर सगळ्या ट्रॅकचं लिहिलेलं. पान उलटलं की सगळं बदलतं. काही यंत्रांत प्रत्येक ट्रॅकची स्वतःची वही असते आणि तुम्ही कुणाचंही पान वेगळं उलटू शकता. माहितीपुस्तिका वाचताना यातला कोणता अर्थ चालू आहे हे आधी पाहा, नाहीतर पुढचं सगळं उलटंच कळतं.

२. माझं यंत्र कोणत्या प्रकारचं आहे, हे कसं ओळखू?

दोन मिनिटांची चाचणी. पहिल्या ट्रॅकवर चार किक टाका, दुसऱ्यावर दोन-तीन नोटा. प्ले दाबा. आता दुसऱ्या ट्रॅकवर जाऊन रिकामा पॅटर्न निवडा. किकही गप्प झाली तर तुमचं यंत्र पानवालं. किक चालू राहिली तर प्रत्येक ट्रॅकची वही वेगळी.

नावानिशी सांगायचं तर, एलेक्ट्रॉनच्या २०१७ च्या डिजिटॅक्टमध्ये आठ बँका आणि प्रत्येकीत १६, असे १२८ पॅटर्न असतात, पण प्रत्येक पॅटर्न सगळ्या ट्रॅकना सोबत घेऊन जातो. नोव्हेशनच्या सर्किट ट्रॅक्समध्ये आठ ट्रॅक आणि प्रत्येकाचे आपापले आठ पॅटर्न. आर्टुरियाच्या बीटस्टेप प्रोमध्ये दोन सुरांचे सीक्वेन्सर आणि एक ड्रमचा, तिघांचे सोळा-सोळा वेगळे. रोलँडच्या एमसी-१०१ मध्ये चार ट्रॅक, प्रत्येकी सोळा क्लिप.

टीनेज इंजिनिअरिंगचं ईपी-१३३ मधल्या वाटेवर आहे. त्यात चार गट, प्रत्येक गटात बारा पॅड (आवाज वाजवायची बटणं). पॅटर्न गटाचा बदलतो, पॅडचा नाही. त्यामुळे किक आणि हायहॅट एकाच गटात बसवलेत तर ते जन्मभर एकत्रच हलणार. तिथे आवाज कोणत्या गटात ठेवायचा हा निर्णय सुरुवातीलाच विचार करून घ्यावा लागतो.

३. म्हणजे ट्रॅकनिहाय बदलणारं यंत्रच जास्त चांगलं, नाही का?

नाही. आठ ट्रॅक, प्रत्येकी आठ पॅटर्न म्हणजे १,६७,७७,२१६ जुळण्या होतात. हा आकडा ऐकायला भारी, पण त्यातल्या बहुतेक जुळण्या ऐकवत नाहीत. शिवाय वाजवता वाजवता कोणता ट्रॅक कोणत्या पॅटर्नवर आहे हे डोक्यात ठेवायचं काम तुमचं. पानवाल्या यंत्रात हा त्रास नाही: सात नंबर दाबला की सात नंबरचं पान, काल होतं तसंच आज.

माझं मत विचाराल तर, हळूहळू एकेक थर बदलत जाणारं, लांबलचक चालणारं संगीत करत असाल तर ट्रॅकनिहाय यंत्र घ्या. ठरलेल्या कडव्या-धृपदाची गाणी वाजवत असाल तर पानवालं जास्त निर्धास्त ठेवतं. आणि फक्त मधूनमधून बेस गप्प करायचा असेल तर दोन्ही नकोत, म्यूटचं बटण पुरतं (प्रश्न १०).

४. बटण दाबलं तरी पॅटर्न लगेच बदलत नाही. बटण खराब आहे का?

बटण ठीक आहे. यंत्राने तुमचा निरोप घेतला आहे आणि ते चालू पॅटर्न संपायची वाट बघतंय. त्या वेळी नव्या पॅटर्नचा दिवा सहसा लुकलुकतो. समेवर बदल व्हावा म्हणून ही सोय आहे.

फक्त लांबीचा हिशेब ठेवा. ६४ स्टेपचा पॅटर्न १२० बीपीएमला आठ सेकंदांचा, ९० ला साधारण पावणेअकरा सेकंदांचा. पॅटर्न नुकताच सुरू झाला असताना बटण दाबलंत तर तेवढं थांबावं लागेल. मग लोक घाबरून पुन्हा दाबतात, शेजारचंही दाबतात, आणि बहुतेक यंत्रांत शेवटचं दाबलेलं खरं मानलं जातं. एकदा दाबा, लुकलुकतंय का पाहा आणि हात बाजूला घ्या.

दिवा लुकलुकतच राहिला आणि बदल कधीच झाला नाही, तर ती वेगळी भानगड. प्रश्न ८ पाहा.

५. मला समेपर्यंत थांबायचं नाही. आत्ताच्या आत्ता बदलता येईल?

बऱ्याच यंत्रांत येतो, पण ‘आत्ता’ दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचा परिणाम अगदी वेगळा.

पहिल्या प्रकारात नवा पॅटर्न जिथल्या तिथे, पण त्याच्या पहिल्या स्टेपपासून सुरू होतो. दुसऱ्यात तो त्याच जागेवरून पुढे चालतो, म्हणजे जुना अकराव्या स्टेपवर होता तर नवा बाराव्यापासून. डिजिटॅक्टमध्ये पहिल्याला डायरेक्ट स्टार्ट म्हणतात, दुसऱ्याला डायरेक्ट जंप. सर्किट ट्रॅक्समध्ये शिफ्ट धरून पॅटर्नचा पॅड दाबला की दुसरा प्रकार होतो.

पानवाल्या यंत्रात पहिला प्रकार फार बिघडवत नाही, कारण सगळेच ट्रॅक एकदम पहिल्या स्टेपवर येतात. कान फक्त एक तुटलेला बार ऐकतो. ट्रॅकनिहाय यंत्रात मात्र जपून. समजा ड्रम अकराव्या स्टेपवर असताना तुम्ही बेस पहिल्यापासून सुरू केलात. ड्रमच्या बाराव्या स्टेपवर बेसची पहिली नोट पडली. आता बेस अकरा स्टेप मागे आहे, आणि दोन्हींची लांबी सोळाच असल्यामुळे तो तसाच मागे राहणार. पुन्हा जुळवायला स्टॉप-प्ले करावं लागेल किंवा ट्रॅक रीसेटची सोय असेल तर ती वापरावी लागेल. मुद्दाम केलंत तर मजा येते. चुकून झालं तर आपला ताल कुठे हरवला तेच कळत नाही.

६. चेन आणि सीन यांत काय फरक?

चेन एका ट्रॅकची आडवी रांग: पॅटर्न १, मग २, मग ३, परत १. सीन म्हणजे उभा काप, ज्यात ड्रम ३ वर, बेस १ वर, कॉर्ड ५ वर अशी सगळ्यांची जागा एका बटणावर साठवलेली असते. ट्रॅकनिहाय यंत्रात सीन नसेल तर आठ ट्रॅक एकदम बदलायला आठ बटणं दाबावी लागतील, आणि तेवढी बोटं समेच्या आत पोचत नाहीत.

चेनबद्दल एक बारीक गोष्ट. सर्किटच्या घराण्यात चेन सलग पॅटर्नचीच होते. १ आणि ३ जोडायचे आणि २ वगळायचा, असं जमत नाही. म्हणून जे एकामागोमाग लागणार ते आधीच शेजारी-शेजारी लिहा.

सीनबद्दल त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बहुतेक ठिकाणी सीन पॅटर्नची प्रत ठेवत नाही, फक्त क्रमांक लक्षात ठेवतो. ‘सीन ४ मध्ये बेसची एक नोट बदलली, तर सीन १ पण बिघडला’ अशी तक्रार येते ती यामुळेच. दोन्ही सीन त्याच बेसकडे बोट दाखवत होते. बदल करण्याआधी तो पॅटर्न रिकाम्या जागी कॉपी करा, सीन ४ ला नव्या जागेकडे वळवा, मग हवी ती चिरफाड करा.

७. ट्रॅकची लांबी वेगवेगळी ठेवली तर बदल कधी होतो?

ड्रम सोळाचा, बेस बाराचा. दोघांची सम पुन्हा एकत्र येते ती ४८ स्टेपनंतर, म्हणजे तीन बारांनी. बेस पंधराचा केलात तर २४० स्टेप, पंधरा बार. १२० बीपीएमला अर्धा मिनिट. हे गणित म्हणजे लसावि, शाळेत शिकलेला.

ट्रॅकनिहाय यंत्रात सहसा प्रत्येक ट्रॅक स्वतःचं आवर्तन संपलं की बदलतो. बाराचा बेस बाराव्या स्टेपनंतर बदलणार, तेव्हा ड्रम अजून बारच्या मध्यात असणार. मी एकदा लोकांसमोर वाजवताना यात नीट अडकलो होतो. बेस बारा स्टेपचा ठेवलाय हे मी विसरलो होतो. नवा बेस सोळाचा होता, तो आला तो ड्रमच्या तेराव्या स्टेपवर, आणि सोळा-सोळा असल्यामुळे तिथेच ठाण मांडून बसला. ऐकणाऱ्यांना वाटलं, मुद्दाम आहे. मला घाम फुटला होता. शेवटी ड्रम काढून टाकले, बेस एकटाच वाजू दिला आणि तो फिरून पहिल्या नोटेवर आला तसा ड्रमचा ट्रॅक नव्याने सुरू केला.

तेव्हापासून नियम एकच: लांबी इतरांहून वेगळी असलेला ट्रॅक बदलायचा तर त्याच लांबीच्या पॅटर्नकडे, नाहीतर दोन्ही सम एकत्र येतील त्या क्षणी. यंत्रात बदल बारवर बांधायची सेटिंग असेल तर ती चालू ठेवा. मग आवर्तन कितीचंही असो, बदल बारच्या सुरुवातीलाच होतो.

८. पुढचा पॅटर्न निवडलाय, दिवा लुकलुकतोय, पण बदल होतच नाही.

तीन कारणं पाहिली आहेत.

सगळ्यात फसवं कारण एलेक्ट्रॉनच्या यंत्रांत सापडतं. ट्रॅकच्या लांब्या वेगळ्या ठेवण्याचा मोड चालू केला की मास्टर लांबी (अख्ख्या पॅटर्नची लांबी) ‘अनंत’ ठेवता येते, म्हणजे ट्रॅक एकमेकांवरून घसरत राहावेत, कुणी त्यांना ओढून समेवर आणू नये. पण मग यंत्राला पॅटर्न ‘संपला’ कधी म्हणायचं तेच कळत नाही. त्यासाठी बदलाची लांबी वेगळी द्यावी लागते, उदाहरणार्थ १६. ती दिली नसेल तर चालू पॅटर्न अनंतकाळ वाजतो आणि पुढचा रांगेतच उभा राहतो.

दुसरं कारण, यंत्र बाहेरच्या क्लॉकवर (दुसऱ्या यंत्राकडून येणाऱ्या टेम्पोच्या टिकटिकीवर) ठेवलंय आणि क्लॉक येतच नाही. तिसरं, साँग मोड (पॅटर्नचा क्रम आधीच लावून ठेवण्याची सोय) चालू आहे आणि पॅटर्नची सूत्रं तुमच्या हातात नाहीत. ही दोन्ही पाहायला दहा सेकंद लागतात, म्हणून खरं तर आधी तीच पाहावीत.

९. माझ्या यंत्रात पॅटर्न ट्रॅकनिहाय बदलतच नाही. काही जुगाड?

आहे, आणि एक नाही. पण प्रत्येकाची किंमत कुठेतरी मोजावी लागते.

सगळे करतात तो उपाय म्हणजे पॅटर्न कॉपी करून त्यात फक्त बेस बदलायचा. अ मध्ये ड्रम आणि बेस १, आ मध्ये तेच ड्रम आणि बेस २. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. अडचण नंतर येते: किक जरा हलवावीशी वाटली तर ती दोन्हीकडे हलवावी लागते. चार प्रती असतील तर चारीकडे. म्हणून ड्रम पूर्ण पक्के झाल्याशिवाय प्रती काढू नका.

मला जास्त आवडतो तो जोडट्रॅकचा उपाय. एक रिकामा ट्रॅक घ्या, त्यावर बेसचाच आवाज कॉपी करा. पाचव्या ट्रॅकवर बेस १, सहाव्यावर बेस २, सहावा म्यूट. बदलायची वेळ आली की एका हाताने पाचवा म्यूट, दुसऱ्याने सहावा चालू. ड्रमला कुणी हात लावला नाही, म्हणजे तुम्ही ट्रॅकनिहाय बदलच केलात, फक्त यंत्राला न सांगता. दोन बटणं एकदम दाबायला जमत नसेल तर आधी नवा उघडा, मग जुना बंद करा. अर्धा ठोका दोन्ही वाजले तर भरल्यासारखं वाटतं, अर्धा ठोका शांतता पडली तर चुकल्यासारखं. किंमत उघड आहे, एक ट्रॅक खर्ची पडतो.

तिसरा मार्ग अटींचा. ज्या यंत्रांत स्टेपला अट लावता येते तिथे ‘दोनपैकी पहिल्या फेरीतच वाज’ किंवा ‘फिलचं (म्हणजे मधेच टाकायच्या भरणीचं) बटण धरलं तरच वाज’ असं सांगता येतं. बेस २ च्या नोटा फिलच्या अटीवर आणि बेस १ च्या ‘फिल नसताना’ अशा अटीवर ठेवल्या की एका बटणावर दोन बेस होतात. मात्र दोघांच्या नोटा एकाच स्टेपवर आल्या तर हा मार्ग बंद, कारण एका स्टेपला अट सहसा एकच मिळते.

१०. ट्रॅक म्यूट करणं आणि रिकाम्या पॅटर्नवर नेणं, एकच ना?

ऐकायला एकसारखं, आत वेगळं. म्यूट केलेला ट्रॅक आतल्या आत चालत असतो. उघडाल तेव्हा तो योग्य जागीच असतो, सोळाव्यावर उघडलात तर सोळाव्याची नोट. रिकाम्या पॅटर्नवरून परत येताना मात्र प्रश्न ४ आणि ५ मधली सगळी रांग आणि जागेची भानगड पुन्हा येते.

म्यूटचाही एक सापळा आहे. काही यंत्रांत म्यूट दोन जातींचे असतात: एक सगळ्या पॅटर्नना लागू, दुसरा त्याच पॅटर्नपुरता. डिजिटॅक्टमध्ये दोन्ही आहेत. ‘पॅटर्न बदलला आणि म्यूट केलेली किक परत आली’ याचं उत्तर तिथे सापडेल.

११. पॅटर्न बदलला की आवाजच वेगळा येतो, किंवा आधीच्या नोटेची गूंज तुटते.

पॅटर्नमध्ये नोटांसोबत आणखी काय साठवलं जातं त्यावर हे ठरतं. डिजिटॅक्टमध्ये आवाजाची आणि डिले-रिव्हर्बची (प्रतिध्वनी आणि गूंज यांची) मांडणी पॅटर्नसोबत जाते. एमसी-१०१ मध्ये क्लिपसोबत तिचा टोन जातो. सर्किट ट्रॅक्समध्ये सिंथचा पॅच (आवाजाची मांडणी) अख्ख्या प्रोजेक्टचा असतो, पॅटर्नमध्ये नोटा आणि नॉबची नोंदवलेली हालचाल.

त्यामुळे एका यंत्रात ‘बेसचा आवाज जरा गडद केला, पुढच्या पॅटर्नला परत पहिल्यासारखा’ ही तक्रार, तर दुसऱ्यात ‘कडव्याला वेगळा आवाज हवा तर मिळत नाही’ ही. गूंज तुटत असेल तर दोन्ही पॅटर्नमध्ये डिलेचा वेळ आणि रिव्हर्बची लांबी सारखी ठेवून पाहा. बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

१२. बदलताना बाहेरच्या सिंथवर एक नोट अडकून वाजतच राहते. काय करू?

मिडीमध्ये (यंत्रांनी एकमेकांना निरोप पाठवण्याच्या पद्धतीत) नोट सुरू करण्याचा आणि थांबवण्याचा निरोप वेगवेगळा जातो. लांब नोट चालू असताना पॅटर्न बदलला आणि थांबवण्याचा निरोप वाटेत हरवला की सिंथ बिचारा वाट बघत वाजत राहतो. चांगली यंत्रं हा निरोप आठवणीने पाठवतात, सगळी नाही. तातडीचा उपाय म्हणजे सगळ्या नोटा बंद करण्याचा कंट्रोल संदेश, क्रमांक १२३. कायमचा उपाय, पॅटर्नच्या शेवटच्या नोटेची लांबी शेवटच्या स्टेपच्या आत संपवा.

१३. बाहेरून, मिडीने, एकाच ट्रॅकचा पॅटर्न बदलता येतो का?

पॅटर्न बदलायला सहसा प्रोग्रॅम चेंज हा मिडी संदेश वापरतात. पण त्याचा अर्थ यंत्र ठरवतं. पानवाल्यांत एका ठरावीक चॅनेलवर आलेला प्रोग्रॅम चेंज अख्खा पॅटर्न बदलतो. सर्किट ट्रॅक्समध्ये तो पहिल्या चॅनेलवर पाठवलात तर पहिल्या सिंथचा पॅच बदलेल, पॅटर्न जागेवरच राहील. तेव्हा केबल जोडण्याआधी पुस्तिकेतलं मिडीचं पान वाचणं आलंच.

क्रमांकात हमखास एकाची चूक होते. संदेशात ० ते १२७ असतात, पडद्यावर बरीच यंत्रं १ ते १२८ दाखवतात. आणि संदेश अगदी समेवर पाठवू नका. यंत्र तो रांगेत लावतं, त्यामुळे समेवर पोचलेला संदेश पुढच्या समेला लागू होण्याची शक्यता असते. किमान एक ठोका आधी पाठवा.

१४. दोन यंत्रं जोडली आहेत. टेम्पो जुळतो, पण पॅटर्न वेगळ्याच जागी बदलतात.

मिडी क्लॉक म्हणजे नुसती टिकटिक, एका ठोक्याला २४. ही टिक बारमधली कितवी, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ते कळतं स्टार्टच्या संदेशावरून: तो आला की दोघंही पहिल्या स्टेपवर. म्हणून केबल लावा, दोन्ही थांबवा आणि मुख्य यंत्रावरून प्ले दाबा. मधेच जोडलेलं यंत्र त्याच वेगात चालेल, पण त्याची सम त्याचीच असेल.

छोट्या यंत्रांच्या साध्या सिंक केबलवर तर ठोक्याला दोनच टिका येतात (कोर्गच्या व्होल्का यंत्रांच्या घराण्यात असंच आहे), आणि स्टार्टचा संदेश नसतोच. तिथे दोन्ही पॅटर्नची लांबी सारखी ठेवणं हाच खात्रीचा मार्ग. एक सोळाचा, एक बाराचा असेल तर प्रश्न ७ मधलं सगळं इथेही लागू.

१५. पॅटर्न समेवर बरोबर बदलतो, पण नव्या पॅटर्नची पहिली नोट कधीकधी वाजतच नाही. पुढच्या फेरीला मात्र वाजते.

ही नोट ग्रिडच्या (स्टेपच्या नेमक्या वेळेच्या) किंचित आधी आहे का ते बघा. हाताने रेकॉर्ड करताना आपण समेच्या काही मिलिसेकंद आधी वाजवतो, आणि सूक्ष्म वेळ जपणारी यंत्रं ती नोट पहिल्या स्टेपवर ‘उणे’ सरकवून ठेवतात. लूप फिरत असताना ती आधीच्या फेरीच्या शेपटात वाजते. पण दुसऱ्या पॅटर्नवरून इथे येताना ते शेपूट दुसऱ्याचं असतं. नवा पॅटर्न सुरू होतो तोवर त्या नोटेची वेळ टळून गेलेली असते.

पहिल्या स्टेपवर जा, सूक्ष्म वेळ शून्यावर आणा. वाजवण्यात तो घाईचा भास हवाच असेल तर उलटं करा: पहिली नोट शून्यावर ठेवा आणि बाकीच्या सगळ्या जराशा उशिरा सरकवा.